दर इंचाला किती मिनिटं

सकाळी सात. सिएराच्या पायथ्याला
ओकखालचं गवत दहिवराने करकरतंय.
सहा खड्डे खणा, रात्रभर भरून ठेवा, असं सांगितलं होतं.
अर्लिन्डो बेटेनकोर्टने पाच भरले.
सहावा खणलाच नाही.
"त्या टेकाडावर टेस्टिंग रूम येणार आहे."
मी काही बोलले नाही. टेप काढली, घड्याळ लावलं.

काउंटीत माझं काम हेच, बावीस वर्षं:
खड्ड्याच्या काठावर उकिडवं बसायचं
आणि पाणी एक इंच उतरायला किती मिनिटं घेतं ते मोजायचं.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक संशयाने म्हणतात.
मला ते ऐकून बरं वाटतं.
मुरू दे की बाबा, त्याच्यावरच तर माझं पोट आहे.

पहिला खड्डा: तासात पाव इंच.
दुसरा: तेवढंही नाही. एक कोळी
पाण्यावरून चालत काठाला गेला,
पाणी होतं तिथेच.
खाली चिकणमाती, मडकी घडवावीत अशी.
"द्राक्षांना आवडते," अर्लिन्डो म्हणाला.
आवडत असेल. वेलीला ताण सोसतो,
मोरीला सोसत नाही.

तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये विहिरीचं पाणी बाटलीत घेतलं.
नेल्डा दारातूनच म्हणाली, माझे सासरे
ह्याच पाण्यावर एक्क्याण्णव वर्षं जगले.
सासरे फाइलला जोडता येत नाहीत,
हे कसं सांगणार?
एवढंच म्हटलं, पंचवीस माणसं
वर्षातले साठ दिवस हे पाणी प्याली
की विहीर एकट्या तुमची राहात नाही.
पाणी तेच. पाहुणे वाढले
की त्याला साक्षीदार लागतात.
"लग्नाचं पण तसंच," ती म्हणाली, आणि कॉफी आणायला गेली.

मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा.
पिंपं धुतलेलं पाणी वेगळं, संडासाचं वेगळं,
दोघांची गाठ पडू द्यायची नाही.
साली, बिया, चोथा ओढ्यापासून लांब.
आत जे आंबून वाईन होतं
तेच ओढ्यात गेलं की माशांचा श्वास खातं.
अर्लिन्डो मान डोलवत होता
आणि बोट सारखं त्या टेकाडावर ठेवत होता,
जिथे त्याने पेन्सिलीने खिडक्या काढल्या होत्या.
आठ खिडक्या. सगळ्या पश्चिमेला.

पाचवाही नापास झाला तेव्हा दुपार झाली होती.
तो उठला, न सांगता फावडं घेऊन वर गेला.
टेकाडावर दोन घडीच्या खुर्च्या होत्या,
खालचं अख्खं खोरं त्यांच्या समोर.
त्या त्याने उचलून बाजूला ठेवल्या, हलक्या हाताने,
जणू त्यांवर कुणी झोपलंय.
कमरेइतकं खणलं. बादलीने पाणी ओतलं.
मला घड्याळ लावायलाही फुरसत मिळाली नाही.
मुरूम. पिवळा, भुसभुशीत मुरूम.
अकरा मिनिटांत एक इंच.

"हा आकडा कागदावर चालणार नाही," मी म्हटलं,
"आधी रात्रभर भिजायला हवा. उद्या परत येते."
पण उद्या काय होणार ते दोघांनाही कळलं होतं.
"म्हणजे सगळ्यात चांगला देखावा," तो म्हणाला,
"सगळ्यात घाण पाण्याला."
यावर बांधकाम नाही, मी वाचून दाखवलं,
गाडी नाही, फरशी नाही,
आणि शेजारी एवढीच जागा राखीव,
हे शेत थकलं की दुसरं.
"आणि खुर्च्या?"

फॉर्ममध्ये खुर्च्यांना रकाना नाही.
मी पान उलटून पाहिलं, मागेही नाही.
"खुर्च्या चालतील," मी म्हटलं. "पाया नको."

उतरताना दुसऱ्या खड्ड्यात डोकावले.
कोळी परत पाण्यावर आला होता.